हॉर्नच्या फ्यूजबाबत खुलासा

मु. पो. फुलसावंगी, ता. महागाव
संक्रांतीनंतरचा पाचवा दिवस

प्रिय जहीर,

किसनचा तुला रामरामही आणि सलामही. दोन्ही एकदम पाठवतो, म्हणजे वाटेत एखादा गहाळ झाला तरी दुसरा पोचेल. तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावतोस, की अजूनही चहाच्या बशीत काढून ठेवतोस? फरीदावहिनींचा गुडघा काय म्हणतो? तुझ्या थोरल्याच्या, फिरोजच्या गॅरेजची विचारपूस करत नाही, कारण ते हायवेवर आहे आणि ट्रक बिघडायचे थांबले तर निम्मं पांढरकवडा उपाशी राहील. इकडे सर्व खुशाल आहे. (हे वाक्य पत्रात लिहावंच लागतं. मी तीस वर्षं शाळेत हेडक्लार्की केली, 'वरील विषयास अनुसरून' असं लिहिल्याशिवाय मला पुढचं सुचायचं नाही, त्यातलाच हा प्रकार. खुशाल कोणीच नाही.)

तुझं कार्ड मिळालं. मिळून सतरा दिवस झाले. त्यात तू तीनच ओळी लिहिल्या आहेस: माझ्या शाहिदच्या हातून गाडीच्या कामात चूक झाली का, तेवढं खरं सांग. झाली असेल तर उमरखेडचं दुकान बंद करतो आणि त्याला इकडे फिरोजच्या हाताखाली आणतो. तू खुशालीसुद्धा विचारली नाहीस. सातवीत एका बाकावर बसलेल्या माणसाला असं लिहितात का? पण तुझंही बरोबर आहे. अडतीस वर्षं चालवलेलं दुकान पोराच्या हाती देऊन तू गेलास, आणि तीन वर्षांत लोक त्याच्या दारावरून गाडी पुढे न्यायला लागले, ते माझ्या गाडीपायी. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मागच्या ईदला तुला मुबारक म्हटलं तर शेजारचे भगवानराव वाटी घेऊन शिरखुर्मा मागायला आले. हा विषय भगवानरावांना ऐकवण्यासारखा नाही, म्हणून पत्र. अक्षर वरखाली झालं असेल तर पेन खराब आहे असं समज. हल्ली कागदावर रेघासुद्धा पुसट छापतात.

उत्तर मी देणारच आहे. पण प्रकरण मुळापासून सांगितल्याशिवाय ते तुला नीट कळायचं नाही (असं मी सतरा दिवस स्वतःला सांगतो आहे), तेव्हा मुळापासूनच घेतो.

गाडी तुझ्या ओळखीची आहे. चौदा वर्षांपूर्वी तूच ती पारखून मला जुनी घेऊन दिलीस आणि वर फ्यूजचे धडे दिलेस. आधी चावी बंद करायची, मग बॉनेट उघडायचं, मग डब्याचं झाकण काढून संशयित फ्यूज चिमट्याने सरळ वर ओढायचा, वाकडातिकडा हलवायचा नाही. मग तो उजेडात धरायचा. आतली बारीक तार सलग दिसली तर फ्यूज चांगला, तुटलेली दिसली तर उडालेला. आणि लाल काढला तर लालच घालायचा, निळा काढला तर निळाच, कारण रंग हा त्याचा दर्जा असतो आणि वरच्या दर्जाचा घातला तर फ्यूज उडत नाही, पण गाडी जळते. तू तर मला डोळे मिटून बोटांनी मोजायला लावायचास, दुसऱ्या ओळीतला डावीकडून चौथा, हॉर्नचा, की मुसळधार पावसातही चुकू नये. एवढं शिकून मी गल्लीत अर्धा मिस्त्री झालो. एकच अडचण होती. बॉनेट उभं ठेवणारी दांडी गाडी घेतली तेव्हापासूनच तुटकी होती, तू म्हणालास पुढच्या खेपेला बसवू, आणि ती पुढची खेप चौदा वर्षांत आली नाही. सुरुवातीला मी तुरीची काडी टेकवायचो. ती सरकून एकदा बॉनेट मानेवर आलं आणि मी तीन दिवस भगवानरावांच्या घराकडे तोंड करून जेवलो. तेव्हापासून बॉनेट आमची सौ., शकू, धरते. दोन्ही हातांनी धरून उभी राहते आणि वरून सूचना करते. माझं काही बोलणं आवडलं नाही तर ती बॉनेट बोटभर खाली आणते, म्हणून फ्यूज तपासताना आमच्यात भांडण होत नाही.

तर गणपती उठले त्या आठवड्यात हॉर्न बंद पडला. मी रीतसर चावी बंद केली, शकूला बॉनेटखाली उभी केली आणि हॉर्नचा फ्यूज काढून उन्हात धरला. आत तार नव्हती. उडाला, म्हटलं. मग सहज तुलना करावी म्हणून शेजारचा काढला, तर त्यातही तार नाही. त्याच्या शेजारचा, तोही तसाच. मी एकामागून एक चौदा फ्यूज काढले, चौदाही उन्हात धरले, आणि चौदाही उडालेले निघाले. मी शकूला म्हणालो की गाडीवर वीज पडली असावी. ती म्हणाली, "वीज कायले पडते बाप्पा, काल तं गाडी चालली!" मी सगळे परत लावले आणि तिची खात्री पटावी म्हणून चावी फिरवली, तर गाडी सुरू झाली. दिवे लागले, वायपर फिरला, फक्त हॉर्न तेवढा गप्प. चौदाही फ्यूज उडालेले असताना गाडी चालते कशी, असं शकूने विचारलं. मी तिला सांगितलं की यंत्रातलं बायकांना कळत नाही. (हे वाक्य मी उभा असताना बोललो, बॉनेट बंद होतं.)

दुसऱ्या दिवशी नवे फ्यूज आणायला एस.टी.ने उमरखेडला गेलो. शुक्रवार होता, शाहिद नमाजला गेलेला, म्हणून पुढे घनश्यामच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. पाकीट घेतलं, आणि तुझ्या शिकवणीप्रमाणे माल दुकानातच तपासून घ्यावा म्हणून पायरीवर येऊन एकेक उन्हात धरला. नवेकोरे फ्यूज, आणि सगळे उडालेले! मी तिथेच उभा राहून घनश्यामचा जो उद्धार केला तो बसस्टँडपर्यंत ऐकू गेला असेल. तो गरीब माणूस बाहेर आला, एक फ्यूज उन्हात धरून म्हणाला, "काकाजी, तार तं सरळ दिसून राह्यली." मग त्याने गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं, त्यालाही दिसली. रस्त्यावरच्या केळीवाल्यालाही दिसली. तिघंही सामील आहेत अशी माझी खात्री झाली. तरी पाकीट घेऊन आलो, कारण एवढं भांडल्यावर रिकाम्या हाताने येणं बरं दिसत नाही.

घरी येऊन हॉर्नच्या जागी निळा फ्यूज लावला. मी निळा समजून लावला तो हिरवा होता, दुप्पट जाड, हे मला नंतर कळलं. उन्हात मला दोघांचा रंग सारखाच वाटला, आणि त्याच्या डोक्यावर आकडा छापलेला असतो म्हणतात, तो तर मला अलीकडे छापलेलाच दिसत नाही. मूळचा फ्यूज उडाला होता तो उगीच नाही, आत कुठेतरी वायर घासून उघडी पडली होती. खरा फ्यूज असता तर पुन्हा उडाला असता आणि काम तिथेच थांबलं असतं. पण हा उडेना, मग वायरच तापायला लागली. पंधरा-वीस दिवस हॉर्न छान वाजला. मग एका सकाळी गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची मयत चालली होती, मी अदबीने गाडी बाजूला घेऊन थांबलो, आणि हॉर्न आपोआप सुरू झाला. तो थांबेचना. खांदेकऱ्यांना वाटलं मला घाई आहे, ते पळायला लागले. मडकं धरलेला माणूस त्यांच्याही पुढे पळाला. बॉनेटमधून धूर निघत होता, शकूने उतरून बॉनेट धरलं, मी मोजून चौथा फ्यूज ओढला तेव्हा तो माझ्या बोटांना चिकटला. हॉर्न थांबल्यावर जी शांतता झाली तीत म्हाताऱ्याच्या सुनेने मला उद्देशून दोन शब्द वापरले, ते मी इथे लिहीत नाही.

ट्रॅक्टरला बांधून गाडी शाहिदकडे नेली. तुझा पोरगा तुझ्यासारखा बडबड्या नाही, हात चालतात, तोंड नाही. त्याने जळलेली वायर काढली, नवी घातली, गाडीतले सगळे फ्यूज काढून पुसून जागेवर लावले आणि हॉर्नला निळाच घातला. (त्याने शेवटी हॉर्न वाजवून पाहिला की नाही, हे आत्ताच विचारू नकोस. त्याच्यावर येतो आहे.) मग त्याने दोन फ्यूज माझ्यासमोर धरले आणि विचारलं, काका, यातला उडालेला कोणता? मी डावीकडचा म्हणालो. तो उजवीकडचा होता. त्याने हातांची अदलाबदल करून पुन्हा विचारलं, मी पुन्हा डावीकडचा म्हणालो, आणि तेव्हाही तो उजवीकडचाच होता, कारण त्याने अदलाबदल केलीच नव्हती. मग तो अगदी हळू आवाजात, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "काका, फ्यूज सारे ठीक हाय. डोळे दाखवून घ्या." मला फार राग आला. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला कालचं पोरगं डोळे दाखवायला सांगतं, तेही फ्यूज दाखवायला आलेल्या माणसाला! मी गाडीत बसलो आणि त्याचा निरोपही न घेता निघालो. निघताना त्याची बादली गेली. मला वाटलं ती लांब होती, पण जवळ होती.

शकूने मात्र ते धरून ठेवलं. आठ दिवस ती सकाळी चहाबरोबर डोळे आणि रात्री भाकरीबरोबर डोळे वाढत होती. शेवटी मी कंटाळून म्हणालो की चल, दाखवतो एकदाचे. तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात होती. सकाळचे दहा वाजले होते, ऊन तिरपं नव्हतं, धुकं नव्हतं. (मी पंचनाम्यात ऊन डोळ्यांवर आलं असं सांगितलं आहे. ते ऊन पूर्वेला तोंड असतं तर आलं असतं.) उमरखेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी गाडी स्वतः चालवत निघालो. यातला विनोद मला तेव्हा कळला नाही.

गावापासून दोन किलोमीटरवर कांताबाई लागली. कांताबाई म्हणजे आमच्या शेतात वीस वर्षं कापूस वेचणारी बाई. दोन बायांचं वेचण ती एकटी वेचते. वेचायची म्हणतो मी आता. कमरेला ओटी बांधून ती रस्त्याच्या कडेने, आपल्या बाजूने चालली होती. त्यानंतरचं मी पोलिसांना आणि गावाला जसं सांगितलं तसंच तुला सांगतो: ती समोर आली, मी हॉर्न दाबला, हॉर्न वाजला नाही, आणि आठच दिवसांपूर्वी शाहिदकडून ते काम करून आणलं होतं. शकू शेजारी डुलकी घेत होती, तिला काही कळलं नाही. बायका शेतातून धावत आल्या, एक ऑटो मिळाला, त्यात कांताबाईला घातलं, शकूही तिच्याबरोबर गेली, आणि मी एकटा गाडीजवळ उरलो. तासाभराने पोलीस आला. त्याने हॉर्न दाबून पाहिला. वाजला नाही. मी म्हणालो, फ्यूज उडाला होता, मी काढून फेकला. त्याने लिहून घेतलं.

कांताबाईच्या मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. ती वॉकर धरून अंगणापर्यंत येते आणि तिथून परत जाते. वेचणीचा हंगाम गेला, पुढचाही जाईल. मी एकदा तिला भेटायला गेलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "किसनराव, मी बाजूले काहून झाली नाही सांगू का? तुमी मह्याकडंच पाहून राह्यले होते. मले वाटलं, तुमाले दिसली." मी तिथे चहा प्यालो. त्याची चव अजून तोंडात आहे.

शाहिद दुसऱ्याच दिवशी गाडी पाहायला आला होता. फ्यूजची रिकामी जागा त्याने कितीतरी वेळ पाहिली, नवी वायर हाताने चाचपली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "काका, मी तुमच्यासमोर हॉर्न वाजवून दाखवलता ना?" त्याला वाद घालायचा नव्हता. त्याला स्वतःचीच खात्री करून घ्यायची होती. मी म्हणालो, आठवत नाही बाबा. आणि त्याने मान हलवली. माझ्या डोळ्यांबद्दल तो आजपर्यंत कोणाजवळ एक अक्षर बोललेला नाही. दर आठवड्याला तो दुकान बंद करून फुलसावंगीला येतो, कांताबाईला रिक्षात बसवून दवाखान्यात नेतो, परत आणून सोडतो. लोकांना वाटतं, चूक केली म्हणून करतो. त्यालाही तेच वाटतं. माझ्या दारावरून जाताना तो थांबून नमस्कार करतो, आणि मी दिसलं नाही असं दाखवतो. हे मला आता सहज जमतं.

डोळे दाखवले, नंतर, एस.टी.ने जाऊन. एकात मोतीबिंदू पिकला आहे, त्याचं ऑपरेशन होईल. दुसऱ्यात काचबिंदू आहे, त्यात जे गेलं ते गेलं. कडेचं दिसणं आधी जातं म्हणे, आणि माणसाला पत्ता लागत नाही. डॉक्टरांनी विचारलं, गाडी चालवता का? मी म्हणालो, ड्रायव्हर आहे.

असो. पत्र लांबलं. फरीदावहिनींना नमस्कार, फिरोजला आशीर्वाद. सोबत पुडीत तिळगूळ आहे, तुझे दात असतील तर खा, नसतील तर चोख. शकू वाण लुटायला गेली आहे, तिला या पत्राचं काही माहीत नाही, तेव्हा उत्तरात उल्लेख करू नकोस. थांबतो.

तुझा,
किसन

ता. क. वर तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. (सात वेळा राहिलं, हे आठवं पत्र आहे.) उत्तर असं: शाहिदच्या हातून काहीही चूक झाली नाही. काम झाल्यावर त्याने मला सीटवर बसवून माझ्याच हाताने तीन वेळा हॉर्न वाजवून घेतला. तिन्ही वेळा वाजला. कांताबाई समोर आली तेव्हा मी हॉर्न दाबलाच नाही, कारण मला रस्त्यावर कोणीच दिसलं नाही. जे दिसत नाही त्याच्यासाठी माणूस हॉर्न कसा वाजवेल? ऑटो गेल्यावर मी हॉर्न दाबून पाहिला. देवाशपथ, मनातून वाटत होतं वाजू नये. तो असा वाजला की शेतातले बगळे उडाले. मग मी चावी बंद केली, दुसऱ्या ओळीत डावीकडून चार मोजले, आणि फ्यूज काढून खिशात घातला. बोटं चुकली नाहीत. तू चांगलं शिकवलं होतंस.

ता. क. दुसरा. तो फ्यूज अडीच महिने माझ्या सुपारीच्या डबीत आहे. फेकता येत नव्हता आणि पाहवत नव्हता, तेव्हा आणखी कुठे ठेवणार. एकदा भरदुपारी मी तो सुपारीचं खांड समजून तोंडात टाकला आणि चावलाही, एका कोपऱ्यावर दाताची खूण आहे, ती माझीच. तिळगुळाच्या पुडीत तो घातला आहे. (आधी तो काढ, मग तिळगूळ खा.) उजेडात धरून पाहा. तार सलग आहे असं सगळे म्हणतील, मला ती दिसत नाही. तू म्हणायचास, फ्यूज हा असा गडी आहे की स्वतः जळून मालकाला वाचवतो. जहीर, मी तुझ्या पोराचं तेच केलं. मला त्याची लाज वाटते, हे कोणत्याही तऱ्हेने फिरवून लिहिता येत नाही, म्हणून सरळ लिहितो.

ता. क. तिसरा, आणि हेच मुख्य काम. दुकान बंद करू नकोस. फ्यूज शाहिदला दाखव, पत्र वाचून दाखव. मला आधी कांताबाईसमोर आणि मग पोलीस ठाण्यात हे सगळं तोंडाने सांगायचं आहे, आणि त्यानंतर शाहिदच्या दुकानासमोर चार माणसांत. पण मला तिथे पोचता येत नाही. गाडी मी आता चालवत नाही, एस.टी.ची पाटी वाचता येत नाही, आणि भगवानरावांना सोबत न्यावं तर वाटेतच सगळं त्यांना सांगावं लागेल. तेव्हा शाहिदलाच म्हण की मला न्यायला ये. हे मागणं निलाजरं आहे, याची मला जाणीव आहे.

ता. क. चौथा. हे पत्र वाचून फाडून टाक असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. फाडू नकोस.

जहीरभाऊ, मी शकू. यायले पाकीट सापडत नोतं, म्हनून मलेच विचारलं, पाकीट कुठी हाय. मंग मी पत्र घेतलं हातातून. ओळीवर ओळ चढलेली होती, चार पानाचं सारं दीड पानातच बसलं होतं. तुमाले काई वाचता आलं नसतं. मी सारं फेर लिवून काढलं, दोन दिवस लागले. यायचा एकई शब्द मी बदलला नाई, जिथं खोटं लिवलं हाय तिथंई नाई. यायच्या हातचा कागद बी सोबत ठेवला हाय.

त्या दिवशी मी झोपली नोती. मले कांताबाई दिसली होती, चांगली दुरून दिसली होती. मले वाटलं यायलेई दिसली. मी 'अवो' म्हनलं तवरक झालं होतं. अन् ऑटोत कांताबाईसंग मी गेली नाई, तिची जाऊ गेलती. मी तिथंच होती. हे मले वाचवाले तसं लिवून राह्यले.

तुमी मिस्त्री हा भाऊ, वाचता वाचताच तुमच्या ध्यानात आलं असन. बॉनेटची दांडी अजून तुटकीच हाय. त्या दिवशी बी बॉनेट मीच धरलं होतं.

शाहिदले सांगजा, एकट्याले नाई, दोघायले न्याले ये.